उपास, उपासमार आणि भरल्या ताटासमोरची भूक

दलित साहित्यात भुकेचे चित्रण विपुल आहे, हे आता नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या कथांपासून नामदेव ढसाळ यांच्या कवितेपर्यंत आणि ‘बलुतं’पासून (१९७८) ‘अक्करमाशी’पर्यंत (१९८४) ही भूक आपल्या वाङ्मयाचा कणा होऊन उभी आहे. समीक्षकांनी तिच्यावर लिहिले, प्राध्यापकांनी ती शिकवली, विद्यार्थ्यांनी तिच्यावर प्रबंध सादर केले. मीही त्यांपैकीच एक. परंतु या सगळ्या लेखनात भूक म्हणजे न मिळालेले अन्न, असे एक समीकरण आपण गृहीत धरले आहे. अन्न मिळाले की भूक संपेल, हा त्याच समीकरणाचा दुसरा भाग. गेल्या दोन वर्षांत माझ्या नात्यातच असे काही घडले की हे समीकरण पुन्हा तपासून पाहणे मला भाग पडले. प्रस्तुत लेख हा त्या तपासणीचा प्रयत्न आहे.

माझी मावसबहीण एका वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या संमतीने हे लिहितो आहे; नाव, गाव आणि महाविद्यालय मुद्दाम दिलेले नाही. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, आणि आमच्या वस्तीतून डॉक्टरकीला गेलेली पहिली मुलगी ती. मावशी आजही रोजाने खुरपायला जाते, काका आडतीवर हमाली करतात. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा दिवसभर जेवायला टाळू लागली. भूक नाही, डोके दुखते, अष्टशील धरले आहे, अशी कारणे. आणि एका रात्री मावशीला जाग आली तेव्हा ती अंधारात चुलीपाशी उभी राहून दुरडीतल्या भाकऱ्या एकामागून एक खात होती. कालवण नाही, पाणी नाही. नंतर ती घरामागे गेली आणि खाल्लेले सारे तिने घशात बोटे घालून बाहेर काढले. मावशीने सकाळी मला फोन केला. “दिवसा लेकराच्या घशाखाली घास उतरत नाही, अन् रातीला असं गुरावानी खातीय. कुणी काही केलंय का रे?” एवढेच ती म्हणाली.

पुढे एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या अवस्थेला नाव दिले: बुलिमिया नर्व्होसा. अतोनात खाणे आणि मग उलटी, जुलाब किंवा कडक उपास करून ते शरीरातून घालवणे, असे तिचे चक्र असते. १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी हे नाव रूढ केले. अशा रुग्णाचे वजन पुष्कळदा नेहमीसारखेच असते, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. माझ्या बहिणीच्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडले होते. वारंवार घशात बोटे घातल्याने दात लागून ते पडतात. मी ते पाहिले होते आणि हॉस्टेलवर कपडे धुऊन पडले असतील असे समजलो होतो.

घट्टे म्हणजे कष्ट, हेच वाचायला आपण शिकलो आहोत. हा माझ्या वाचनाचा दोष होता आणि तो माझ्या एकट्याचा नाही, असे मला वाटते.

१

प्रथम वैद्यकशास्त्राचे वाचन करू. कोणत्याही शास्त्राची परिभाषा कुठल्यातरी घरात जन्मलेली असते आणि त्या घराची चूल तिच्यात दिसते.

‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी दिले. १८७३ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे त्यांनी निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो छापला गेला. १८७३ सालीच पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी अशाच रुग्णांचे वर्णन केले. गल हे मोठ्या घरांत जाणारे डॉक्टर. १८७१ साली राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाच्या आजारपणात त्यांनी उपचार केले होते. त्यांच्या निबंधात ज्या रुग्ण येतात त्या तरुण मुली आहेत. घरात अन्न आहे, आईबाप जेवण्याची विनवणी करीत आहेत आणि मुलगी जेवत नाही. हे अन्न असलेल्या घराचे चित्र आहे.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८७६ ते १८७८ या काळात, त्याच राणीच्या राज्यात दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत माणसे रस्त्याकडेला मेली. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला विरोध केला, पण सरकारच्या तिजोरीची काळजी मोठी होती. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात या दुष्काळाची हकिकत आहे. सत्यशोधक मंडळी तेव्हा उपाशी माणसांसाठी धडपडत होती.

या दोन घटना मी शेजारी ठेवतो त्याचे कारण एवढेच की, एकाच साम्राज्यात, एकाच दशकात, न जेवणाऱ्या मुलीच्या मनाचा अभ्यास झाला आणि जेवायला न मिळणाऱ्या माणसाच्या शरीराचे फक्त वजन झाले. एकीच्या वाट्याला मानसशास्त्र आले, दुसऱ्याच्या वाट्याला तराजू आला. उपाशी माणसालाही मन असते, त्या मनालाही भुकेने इजा होते, हे शास्त्राला उमगायला आणखी सत्तर वर्षे लागली.

ती कथाही उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लढाईवर जायला नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने त्यात भाग घेतला. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. पण लक्षात राहण्यासारखे आहे ते त्यांच्या मनाचे झाले ते. ही माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली, एकेक घास तासभर चघळू लागली. आणि पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातील काही जण थांबताच येत नाही अशा रीतीने खाऊ लागले. म्हणजे नेमाने अर्धपोटी राहिलेले शरीरच माणसाला या चक्रात लोटू शकते. त्यासाठी आरशाची आणि फॅशनच्या मासिकाची गरज असतेच असे नाही. २०१७ साली टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात गरिबांना मोफत धान्य देणाऱ्या केंद्रांवर येणाऱ्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी अन्नाची चणचण जास्त, त्यांच्यात असे विकारही जास्त आढळले. ‘हा पोट भरलेल्यांचा रोग’ या समजुतीला शास्त्राच्या बाजूने आता फारसा आधार राहिलेला नाही.

२

वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये हे विकार शोधण्यासाठी सर्रास वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. टोरांटोच्या गार्नर आणि गारफिंकेल यांनी ती १९७९ मध्ये चाळीस विधानांची केली आणि १९८२ मध्ये सहकाऱ्यांसह ती सव्वीस विधानांवर आणली. प्रत्येक विधानापुढे ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत सहा पर्याय, बेरीज वीस किंवा अधिक भरली तर धोका समजायचा. २०१९ साली नऊ देशांतील सुमारे ५,७०० वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहण्या एकत्र करून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात साधारण दहा टक्के विद्यार्थी या धोक्याच्या रेषेपलीकडे आढळले. हे निदान नव्हे, केवळ धोक्याची सूचना आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही शंभरांच्या वर्गात दहा, हा आकडा लहान नाही.

माझ्या बहिणीनेही ही प्रश्नावली भरली होती. कुणा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या संशोधनासाठी वर्गात कागद वाटले गेले. तिची बेरीज वीसच्या खाली भरली. म्हणजे त्या संशोधनात ती निरोगी म्हणून मोजली गेली.

साहित्याचा शिक्षक या नात्याने मी ही प्रश्नावली एक संहिता म्हणून वाचली. तिच्यात वाक्यामागून वाक्य जाडीच्या भीतीचे, सडपातळ होण्याच्या इच्छेचे, उष्मांक मोजण्याचे आणि पथ्यावर राहण्याचे आहे. ही संहिता ज्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली, त्याच्या घरात फडताळ भरलेले आहे. अन्न कमी घेण्याचे एकच कारण तिला ठाऊक आहे, आणि ते शरीराचा आकार हे होय. माझ्या बहिणीने जाडीच्या भीतीपुढे ‘कधीच नाही’ लिहिले आणि ते खरे होते. आमच्या वस्तीत अंगाने भरणे ही सुखाची खूण मानतात. उलटीच्या प्रश्नापुढेही तिने ‘कधीच नाही’ लिहिले आणि ते खोटे होते. कारण कागद गोळा करणारी मुलगी तिच्याच मजल्यावर राहत होती.

दुसरी एक पाच प्रश्नांची छोटी चाचणी ब्रिटनमध्ये १९९९ साली तयार झाली. तिचा शेवटचा प्रश्न असा की, तुमच्या आयुष्यावर अन्नाची सत्ता आहे असे तुम्ही म्हणाल काय? हा प्रश्न मी माझ्या आजीला विचारला असता तर तिने काय उत्तर दिले असते? बलुत्याच्या भाकरीसाठी दारोदार हिंडलेल्या त्या बाईच्या आयुष्यावर दुसऱ्या कशाची सत्ता होती? त्याच चाचणीत तीन महिन्यांत सुमारे सहा किलो वजन घटले काय, असाही प्रश्न आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर न आल्याने एक वेळ जेवणारा विद्यार्थी यालाही ‘होय’ म्हणेल. म्हणजे ही साधने आपल्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चुकू शकतात. निव्वळ उपासमारीला ती विकार समजतील आणि खरा विकार त्यांच्या हातून निसटेल.

साधने टाकाऊ आहेत, असा याचा अर्थ नाही. शास्त्राच्या आतूनही हा प्रश्न विचारला गेला आहे. हाँगकाँगमधील सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, त्यांच्याकडील अनेक रुग्ण जाडीची भीती सांगतच नाहीत. पोट फुगते, भूक नाही, एवढेच सांगतात. विकार तोच, पण बोलण्याची भाषा निराळी. माझ्या बहिणीची भाषा कोणती, हे तिला कोणी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही.

३

आता आपल्या साहित्याकडे वळू. शास्त्राने जे पाहिले नाही ते आपल्या लेखकांनी पाहिले काय?

‘अक्करमाशी’च्या आरंभी शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले वेगळी बसून जेवतात आणि त्यांचे उरलेसुरले महारवाड्यातील मुलांच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. त्याच पुस्तकात संतामाय शेणातले जोंधळे धुऊन दळते आणि त्याची भाकर करते. या प्रसंगांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते ‘भुकेचे भीषण वास्तव’ या एका मथळ्याखाली. उरलेल्या अन्नाच्या पुडक्याभोवती बसलेल्या त्या मुलाच्या मनात अन्न आणि अपमान हे दोन पदार्थ एकाच घासात कालवले गेले, हे आपण पुरेसे वाचले नाही. अपमान घशाखाली उतरला म्हणून तो पचला, असे आपण का समजलो?

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) या विषयाच्या अगदी जवळचा प्रसंग आहे. वर्गातील मुली मिळून स्वयंपाक करतात, सगळ्या जेवतात, आणि पुढे कित्येक दिवस लेखिकेने किती खाल्ले याचीच चर्चा होत राहते. ‘आयदान’च्या समीक्षेत विटाळाच्या प्रसंगांना जे स्थान मिळाले ते या प्रसंगाला मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक हा नव्या प्रकारचा विटाळ आहे. येथे भांडे बाजूला ठेवलेले नाही, पंगत एक आहे. परंतु ताटातल्या घासांवर नजर आहे. ‘किती खातेस’ या दोन शब्दांत जात न उच्चारता जात सांगता येते.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे तर वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या मुलाचेच आत्मकथन. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला. २००७ साली अपघातात त्यांचे अकाली निधन झाले. त्या पुस्तकाचा भर जमातीच्या चालीरीतींवर, आईच्या आयुष्यावर आणि मुलाच्या झगड्यावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण आपल्या वाचकांनी ‘आणि तो डॉक्टर झाला’ येथे पुस्तक मिटले. दार उघडून आत गेलेल्या मुलाचे आत काय होते, हा प्रश्न आपल्याला सुचला नाही, कारण दार उघडणे हेच आपले सारे स्वप्न होते.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठी स्वयंपाकघरातील एक मोठी पोकळी भरून काढली. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते, वशाट कसे करीत, चान्या कशा वाळवीत, हे त्यात संकोच न बाळगता आले आहे. ज्या अन्नाची लाज वाटायला शिकवले गेले त्याची नोंद करणे, हे या पुस्तकाचे मोठे कार्य. पण पुस्तक लिहिले गेले म्हणून मेसमधल्या मुलीच्या डब्याची लाज एका दिवसात जात नाही. माझी बहीण पहिल्या वर्षी मावशीने दिलेली सुकटाची चटणी घेऊन गेली. डबा उघडल्यावर खोलीतील मुलीने खिडकी उघडली. एवढेच झाले. चटणी पुढच्या खेपेला घरीच राहिली.

४

मेस हे आपल्या शिक्षणव्यवस्थेतील एक अलिखित पाठ्यपुस्तक आहे. प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या स्थितीवर २००७ मध्ये अहवाल दिला. वसतिगृहांत हे विद्यार्थी विशिष्ट मजल्यांवर एकवटले जातात, मेसमध्ये आणि खेळाच्या मैदानावर त्यांना वेगळे पाडले जाते, हे त्या अहवालाने नोंदवले. २०१८ मध्ये मद्रासच्या आयआयटीतील एका मेसमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र दारांच्या सूचना लागल्या. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत शाकाहाऱ्यांसाठी टेबले राखून ठेवण्यावरून वाद झाला आणि त्याविरुद्ध कृती करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला दाखल झाला. अशा वेळी आपण मोर्चे काढतो, ठराव करतो, आणि ते केलेच पाहिजेत. परंतु मृत्यूच्या अलीकडे किती मुले-मुली रोज अर्धे ताट परत ठेवून उठतात, याची नोंद ना संस्थेकडे आहे, ना चळवळीकडे.

माझ्या बहिणीच्या बाबतीत जे घडले ते सांगायला एक वाक्य पुरते. ताटात तिसरी पोळी घेताना मागची मुलगी हसून म्हणाली, “फुकटचं आहे म्हणून एवढं घेतेस का गं?” भांडण झाले नाही. कोणी जात काढली नाही. तक्रार करावी असे काही घडलेच नाही. शिष्यवृत्तीतून मेसचे पैसे भरले जातात, हे मात्र सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवसापासून ती दोन पोळ्या घेऊ लागली. महिन्याभराने एक. शवविच्छेदनाच्या खोलीतील फॉर्मलीनचा वास सांगून मांसाहार सोडला, मग परीक्षेचे कारण सांगून रात्रीचे जेवण सोडले. चार माणसांत कमी खाणे ही तिची प्रतिष्ठा झाली. आणि रात्री खोलीवर एकटी असताना बिस्किटांचे पुडे, चिवडा, हाताला लागेल ते. मग लाज, आणि मग न्हाणीघर. मिनेसोटाच्या त्या तरुणांचे शरीर जे बोलले तेच हे शरीर बोलत होते.

तिच्या मैत्रिणींपैकी काहीजणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र करीत. उपासामागे न खाणे लपवणे त्यांना सोपे होते, आणि त्यांच्यापैकीही एखादी आजारी असेलच. उपास आणि उपासमार हे दोन शब्द मराठीत शेजारी-शेजारी राहतात, पण एकाला पुण्य मिळते आणि दुसऱ्याला दया. १९५६ नंतर आम्ही ते उपास सोडले. तरी वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील धरणारी, दुपारनंतर न जेवणारी माणसे आमच्या वस्तीतही आहेत. माझ्या बहिणीने त्या शीलाचाही आडोसा घेतला. तेव्हा हा प्रश्न केवळ ‘त्यांच्या’ संस्कृतीचा आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

५

हा विषय मी कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत काढला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “सर, गावात रेशन मिळत नाही आणि तुम्ही हे पोटभरल्यांचे चोचले कुठे काढता?” त्यांचा राग मला समजतो. ते स्वतः बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन वाढले. त्यांच्या पिढीने भुकेशी जे युद्ध केले त्याच्या बळावर आमची पिढी उभी आहे. पण ज्या मुलीच्या शरीरातील पोटॅशियम वारंवारच्या उलट्यांनी उतरते आहे, तिच्या हृदयाची लय बिघडू शकते. दातांचे कवच झिजते. ॲनोरेक्सिया हा तर मानसिक विकारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी एक. ज्या रोगाने माणूस मरतो त्याला चोचला म्हणता येत नाही. शिवाय रेशनचा लढा आणि मेसचा लढा हे एकमेकांच्या विरोधात कसे? दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. पोटभर जेवण्याचा हक्क, आणि तो मान खाली न घालता बजावण्याचा हक्क.

याहून अवघड आक्षेप माझा माझ्यावरच आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात मी भाषण करतो. त्यात बाबासाहेबांच्या लंडनमधील विद्यार्थिदशेचे वर्णन हमखास असते. चरित्रकारांनी ते लिहून ठेवले आहे: पावाच्या तुकड्यावर काढलेले दिवस, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंतचे वाचन, रात्री भूक मारून पुन्हा अभ्यास. मी ते रंगवून सांगतो. समोरची मुले स्तब्ध होतात. माझी बहीण अशाच एका सत्काराला पहिल्या रांगेत बसली होती. आजार उघडकीला आल्यावर एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “दादा, उपाशीपोटी वाचत बसले की मला वाटायचं, आता मी खरी बाबासाहेबांची लेक झाले.”

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी चरित्र पुन्हा काढून वाचले. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहिले ते पैसा नव्हता म्हणून. त्या उपाशीपणाचे त्यांनी तत्त्वज्ञान केले नाही. उलट बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, जेथे मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली. पुढे १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभे राहिले तेव्हाही वसतिगृहाचा विचार त्याच्याबरोबर होता. आपल्यासारखी वेळ पुढच्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी चूल पेटवली, आणि मी मात्र व्यासपीठावरून त्यांची भूकच आदर्श म्हणून वाटत होतो. चरित्राचे हे चुकीचे वाचन आहे. ते केवळ माझे नाही; आपल्या भाषणांत, गाण्यांत, सत्कारांत ते सर्वत्र आहे. पहिल्या पिढीच्या मुलाकडे आपण त्यागाची अपेक्षा इतकी करतो की आजारी पडण्याचीही त्याला चोरी होते. आपण घातलेल्या हारांचे ओझे कोणाच्या मानेवर किती होते, याचा हिशेब आपण ठेवत नाही.

६

काही गोष्टी स्पष्टपणे मांडून थांबतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी आपल्या आत्मकथनांतील जेवणाचे प्रसंग नव्याने वाचले पाहिजेत. कोण उपाशी होते, एवढे विचारून भागणार नाही. कोणाच्या नजरेखाली जेवले, काय लपवले, काय परत ठेवले, हेही विचारले पाहिजे. आजच्या वैद्यकीय आणि तांत्रिक महाविद्यालयांतून जाणाऱ्या मुला-मुलींनी लिहिले पाहिजे. त्यांच्या लेखनात विद्रोहाचा आवाज ओळखीचा नसेल तर संपादकांनी ते बाजूला टाकू नये. घासागणिक होणारा हा अपमान दलित साहित्याच्या अनुभवविश्वाचाच भाग आहे.

वैद्यकीय क्षेत्रातील आपल्या मित्रांनी या प्रश्नावल्यांचे मराठीत नुसते भाषांतर करून थांबू नये. मराठवाड्यातील, विदर्भातील, आदिवासी भागातील मुली या दुखण्याबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात ते ऐकून नवी प्रश्नावली रचावी. आणि ती भरून घेणारा माणूस त्याच मजल्यावर राहणारा नसावा.

विद्यार्थी संघटनांनी मेस समितीच्या बैठकांना बसावे. कोणाचे पैसे कोण भरते, हे ताट वाढताना कळण्याचे कारण नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे जाणावे की अशा मुलाला रागावून, शपथा घालून, बळे भरवून उपयोग होत नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न देणेही घातक ठरू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वाढवावे लागते. मानसोपचार घेणे हा कमीपणा नाही. शासनाची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिच्यावर मराठीतूनही बोलता येते.

माझी बहीण उपचार घेते आहे. एक सत्र वाया गेले, ती पुन्हा परीक्षेला बसली. बरे होणे सरळ रेषेत नसते; काही आठवडे चांगले जातात, एखादा वाईट. मागच्या महिन्यात ती घरी आली होती. मावशीने भाकरी थापल्या, वांग्याचे कालवण केले आणि कोणीही तिच्या ताटाकडे पाहायचे नाही, असा आम्हा सर्वांना दम दिला. मावशी शाळेत गेलेली नाही. पण जे मला इतकी पुस्तके वाचून कळले नव्हते ते तिला कळले होते. आम्ही पावसाच्या आणि कापसाच्या भावाच्या गोष्टी बोलत राहिलो. तिने किती भाकरी खाल्ल्या ते मी मोजले नाही.